कार्बोरेटरचा दुसरा स्क्रू

निवृत्त फौजदार घोरपड्यांना सारं गाव वचकून असे. त्यांची जुनी मोटार मात्र नसे. मेकॅनिकनं ट्यून केलेल्या कार्बोरेटरचा स्क्रू ते पुन्हा स्वतः फिरवत आणि गाडी घाटात बंद पडे. कंटाळून त्यांच्या बायकोनं, इंदुमतीबाईंनी, मेकॅनिककडून खरा स्क्रू टोपणाखाली झाकून घेतला आणि शेजारी नुसताच फिरणारा दुसरा बसवून घेतला.

घोरपडे रोज तोच फिरवू लागले आणि गाडी झोकात घाट चढू लागली. एक दिवस मिशीला पीळ देत ते बाईंना म्हणाले, "बघितलास माझा हात? आता व्याह्यांची गाडीही मीच ट्यून करणार!"

मग मात्र बाईंना खरं सांगावंच लागलं.

"म्हणजे इतके दिवस मी उगाच स्क्रू फिरवत होतो?" घोरपडे गरजले.

"उगाच कसा? मिशीलाही रोज पीळ देताच की! रुबाब वाढतो आणि गाडीही बंद पडत नाही."