धाकट्याला न दिलेलं पाणी

कोण्या एका गावात दोन चुलतभाऊ होते. बांधाला बांध, आणि पाणी एकाच पाटाचं. थोरल्याची जमीन काळी, ओल धरून ठेवणारी. धाकट्याची मुरमाड, सकाळी भिजवली तर संध्याकाळी कोरडी. दोघांनीही गहू पेरला होता.

दोघांचं बोलणं मोडलं होतं. कारण ऐकाल तर हसाल. एका लग्नाच्या पंगतीत थोरल्याच्या धोतरावर आमटी सांडली आणि धाकटा खो खो हसला. एवढंच. एवढ्यावर माणसं वर्षं काढतात, काय सांगायचं!

ऐन थंडीत आभाळ भरून आलं. ऊन दिसेना. रोज धुकं, वर बुरबुर पाऊस. पानं दिवसभर ओली, पण मुळाला थेंब पोचत नव्हता. अशात थोरल्याची पाण्याची पाळी आली. धाकट्याची यायला बराच अवकाश होता.

धाकटा अबोला गिळून बांधावर आला. "दादा, माझा गहू ओंबीवर आलाय आणि रान कोरडं ठाक पडलंय. तुझ्या रानात ओल आहे. एवढी पाळी मला दे. माझी येईल ती तू घे."

थोरल्यानं माती उकरून पाहिली. बोटांना चिकटली. पाण्याची गरज नाही, हे त्याला कळलं. तरी म्हणाला, "हसताना दादा आठवला नव्हता का रे?"

घरी बायको म्हणाली, "अहो, अशा दमट हवेत आणखी पाणी पाजलंत तर गव्हावर तांबेऱ्याचा रोग पडेल. द्या की भावजींना."

"तू भाकरी थाप. माझं पाणी माझ्याच रानात जाईल."

आणि त्यानं पाटाचं दारं मोडून पाणी आपल्या रानाकडे वळवलं. गव्हात पाणी तुंबेपर्यंत सोडलं. धाकटा पलीकडून बघत होता, थोरल्याला त्याचंच समाधान!

आठवडा गेला नसेल, पानांवर नारिंगी ठिपके उठले. शेतातून फिरलं की धोतर तांबूस भुकटीनं माखायचं. बायको ते रोज धुवायची. औषध मारलं, पण उशीर झाला होता. ओंबी चोळली की हातात भुसा, आणि दाणा जिऱ्याएवढा.

पलीकडे धाकट्याचा गहू उभ्यानं वाळला होता. घरात दाणा नाही म्हणून तो बायकोपोरांना घेऊन वीटभट्टीवर निघाला. वाट थोरल्याच्या बांधावरूनच जात होती. थोरल्याला 'चुकलं रे' म्हणायचं होतं. पण तो बांधावरची ढेकळं फोडत राहिला.

धाकटाच थांबला. "दादा, मला द्यायचं नव्हतं तर नको. पण ते पाणी ओढ्याला सोडलं असतंस तरी तुझा गहू राहिला असता. मी वर्षभर तुझ्याकडनं मागून खाल्ला असता."

तो गेला. थोरला बांधावर बसून राहिला. त्या दिवशी मात्र लख्ख ऊन पडलं होतं.

तात्पर्य एवढंच, की गरज नसताना, केवळ दुसऱ्याला मिळू नये म्हणून घेतलेलं आपल्यालाही लाभत नाही. आणि आभाळ भरलेलं असताना ओल्या रानातल्या गव्हाला पाणी पाजू नका, भावाशी भांडण असो वा नसो.