इरावतीचं वाकडं दार

एका राज्यात थंडी उतरली की घरोघरी गुळघर बांधत. कणीक, गूळ आणि सुंठ एकत्र मळायची, जाड पोळ्या लाटायच्या, त्यातून भिंती कापून खरपूस भाजायच्या आणि साखरेच्या पाकाने एकमेकींना चिकटवायच्या. छपराला बत्ताशांची कौलं, भिंतींवर काटेरी हलव्याची नक्षी, अंगणात खसखशीची वाळू. सजावट सगळी पोरांनी करायची, मोठ्यांनी नुसता पाक ढवळायचा. रीत एकच, पण कडक. दार बसवायचं ते घरातल्या सर्वांत लहान मुलाने, आणि ते कसंही बसलं तरी त्याला कुणी हात लावायचा नाही. जुन्या काळी सुंठाबाई नावाच्या चेटकिणीने या रीतीवर शाप ठेवला होता म्हणे. काय शाप, ते लोक विसरून गेले होते. कुणाला लागलाच नव्हता, तर लक्षात कोण ठेवणार?

त्या राज्याची राणी मंदारवती मोठी टापटिपीची. कमरेला सदा रेशमी सूत खोचलेलं. ताटातल्या लिंबाच्या फोडीपासून बागेतल्या कारंज्यापर्यंत सगळं ती त्या सुताने मापून घेई. राजा सुकेतू बिचारा झोपायचासुद्धा पलंगाच्या मधोमध. त्यांना एकुलती एक मुलगी, सहा वर्षांची इरावती, आणि ती कुठल्याच मापात बसत नसे. राणीचा तिच्यावर फार जीव होता, आणि दिवसातून वीस वेळा ती तिची वेणी सरळ करत असे.

त्या वर्षी महालाचं गुळघर बघायला सात देशांचे वकील येणार होते. इरावतीने जीभ बाहेर काढून, मन लावून दार बसवलं. बुटकं, रुंद आणि एका अंगाला कललेलं. राणी उभ्या उभ्या बघून गेली. दुपारी मुलगी झोपली, तेव्हा मात्र तिला राहवेना. तिने ते दार अलगद उपटलं आणि त्या जागी सुताने मापून नवं, उंच, सरळ दार बसवलं. आता जुन्याचं काय करायचं? इकडे तिकडे पाहून राणीने ते खाऊन टाकलं. दार चांगलं खुसखुशीत झालं होतं.

शेवटचा घास घशाखाली उतरला आणि शेजारच्या दालनातला पलंग रिकामा झाला. गुळघराच्या खिडकीत, साखरेच्या काचेआड, अंगठ्याएवढी इरावती उभी होती. नवं दार आतून ढकलत होती आणि ते हलत नव्हतं.

राजा धावत आला आणि त्याने भिंत फोडायला तलवार उपसली. तेवढ्यात गवाक्षातली साळुंकी बोलली, "महाराज, भिंत फुटली तर मुलीचा चुरा होईल."

मग तिने शाप सांगितला. ज्याचं दार मोडलं, तो आत अडकला. तिसऱ्या दिवशी सूर्य मावळताना गुळघर फोडून खायचा सण. तोवर दार उघडलं नाही, तर मुलगी गुळाची होईल.

"उपाय?" राणीने विचारलं.

"नागाच्या मळ्यातलं आलं. मांत्रिकाच्या कढईतला गूळ. आणि त्या दोहोंचं तेच दार, तुझ्या हातचं."

राजा खिडकीशी बसून मुलीला गोष्टी सांगू लागला. राणी निघाली.

पहिल्या दिवशी ती नागाच्या मळ्यात पोचली. नाग म्हणाला, कुदळ चालायची नाही, दहा बोटांनी उकरायचं. राणीने दहा बोटांतल्या दहा अंगठ्या बांधावर ठेवल्या आणि माती उकरली. आलं निघालं. अंगठ्या घ्यायचं तिला भानच राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती मांत्रिकाच्या गुऱ्हाळात गेली. तिथली कढई आगीवाचून उकळे आणि मांत्रिक गाढ झोपलेला असे. डोळे न उघडता त्याने मोबदला मागितला, कमरेचं सूत. आठ वर्षांत ते राणीने अंघोळीलाही सोडलं नव्हतं. तिने ते सोडलं आणि गुळाची ढेप डोक्यावर घेऊन धावत घर गाठलं.

तिसऱ्या दिवशी तिने दार केलं. सूत नसलं तरी नजर होतीच. दार सरळ झालं आणि बसवताच गळून पडलं. दुसरं तिने मुद्दाम वाकडं केलं. तेही इतकं बेतशीर वाकडं झालं, की लगेच गळून पडलं. तिसऱ्यापुरतीच कणीक उरली होती, आणि ऊन तटावर चढलं होतं. आपल्या लेकीचं दार नेमकं कसं होतं, हे राणीला आठवेना. तिने ते धड पाहिलंच नव्हतं.

तेव्हा ती खिडकीशी खाली बसली. मुकुट काचेला लागू लागला, म्हणून तो काढून जमिनीवर ठेवला.

"इरा, तुझं दार मी काढलं. आणि खाल्लं."

आतून बारीक आवाज आला, "कसं लागलं?"

"छान लागलं," राणी म्हणाली, आणि तिला रडू आलं. "ते बुटकं का केलं होतंस?"

"तू नेहमी उभी असतेस. बुटक्या दारातून यायचं तर बसावं लागतं."

"आणि रुंद?"

"बाबापण येणार ना."

"आणि कललेलं कशासाठी, बाळा?"

इरावतीने विचार केला. "ते तसंच बसलं."

राणीने डोळे पुसले. बसल्या जागी उरलेली कणीक थापली, बुटकी आणि रुंद, निखाऱ्यावर भाजली आणि पाक लावून दार टेकवलं. ते एका अंगाला कललं. सवयीने तिचा हात कमरेकडे गेला आणि रिकामाच परत आला. कललेलं दार तिने तसंच राहू दिलं.

सूर्य तटाआड गेला. दार करकरलं आणि उघडलं. इरावती बाहेर आली ती पहिल्याएवढी होऊनच, खसखशीने माखलेली, वेणी सुटलेली. राणीने तिला पोटाशी धरलं. वेणीला हात लावला नाही.

सातही वकिलांनी दार बघितलं, आणि नीट बघायला सातही जण खाली बसले. मग गुळघर फोडलं. रीतीप्रमाणे दार इरावतीच्या वाट्याला आलं.

"तू तुझं आधीच खाल्लंस," ती आईला म्हणाली, आणि तरी अर्धं मोडून दिलं.

तेव्हापासून त्या राज्याची राणी गुळघराच्या दिवशी जमिनीवर बसते आणि पाक ढवळते. जसं त्यांचं दार उघडलं, तसं तुमचंही उघडो, आणि आत कुणी वाट बघत असेल तर त्याला भेटायला तुम्हाला वाकता येवो.