वाफेचं तळं

बसून फरशी पुसताना शेवंताबाईंचे गुडघे दुखत, म्हणून मृणालताईंनी वाफेचा मॉप घ्यायचं ठरवलं. एक साधा, हलका मॉप बाईंनी सकाळीच चालवून पाहिला होता. दुपारी महागडा मॉप घेऊन खुद्द दुकानदार चौबळ आले.

"वापरणार बाई, तेव्हा निवडतीलही बाईच," ताई म्हणाल्या.

चौबळ हसले. "पुसणारीला यातलं काय कळतं? आमच्या वाफेनं फरशी पुसता पुसता वाळते."

त्यांनी दारापासून सुरुवात केली. वाफ उठली, खिडकीतलं ऊन तिच्यात विरघळलं आणि काळी फरशी हळूहळू तळ्यासारखी होत गेली. तिच्यात ढग तरंगू लागले. चौबळ पुसत पुसत पार खिडकीशी पोचले.

दारातून शेवंताबाईंनी हाक दिली, "साहेब, चहा झालाय. या इकडे."

चौबळांनी पाऊल उचललं आणि तसंच अधांतरी धरलं. "जरा वाळू दे."

"वाळलीय की, तुम्हीच म्हणालात. आमच्यासारख्या न कळणाऱ्या बायका खिडकीपासून दाराकडे मागं सरकत पुसतात."

मग साधा मॉप उचलून त्या ताईंना म्हणाल्या, "हाच घेऊ. साहेबांचा चहा झाकून ठेवते."