सटवा कोतवालाची दवंडी

आपल्या पणजोबांनाही जी नुसती ऐकून माहीत होती, तितकी जुनी ही गोष्ट.

नदीकाठच्या कुंभेरीत सटवा नावाचा कोतवाल होता. एका पायानं अधू, पण हलगी अशी वाजवायचा की झोळीतलं पोरही मान वळवायचं. तेव्हाच्या सरकारनं काठच्या गावांना एक सोय करून दिली होती. वर पाणी चढलं की घोडेस्वार निरोप आणायचा, कोतवाल दवंडी द्यायचा आणि लोक देवळाच्या माळावर जायचे. तिथं सरकारी छपरात धान्य आणि घोंगड्या असत. सोय चांगलीच होती, त्याबद्दल सरकारला दुवाच द्यायला हवा. फक्त दवंडीचा मान ठरलेला होता. पहिली पाटलांच्या दारी, मग वरच्या आळीत, आणि सगळ्यांत शेवटी नदीलगतच्या खालच्या आळीत, जिथं बुरूड आणि मजूर राहायचे.

एका श्रावणात भर दुपारी घोडेस्वार आला. वरच्या गावचा बांध फुटला होता. सटवानं आपल्या पायाकडे पाहिलं. आधी वर गेलो तर खाली पोचायच्या आत आळी वाहून जाईल, हे त्याला कळलं. तो सरळ उतरणीला लागला.

पाटील ओट्यावरून म्हणाले, "सटवा, मानाचं दार इसरलास व्हय?"

"मानाचं दार उंचावर हाय, मालक. पाणी खालच्या दारात येतंय."

खाली पळापळ सुरू झाली. सटवानं आंधळ्या बनाबाईला हात धरून सगळ्यांच्या पुढं उभं केलं. "हिच्या म्होरं कुणी जायचं न्हाई. पळालात तर हीच मागं ऱ्हाईल." मग आळी बनाबाईच्या चालीनं चढू लागली आणि सटवा सगळ्यांच्या मागं हलगी वाजवत राहिला.

असं म्हणतात, पाणी त्याच्या मागून लंगडत आलं. तो थांबला की तेही थांबायचं. शेवटची शेळी माळावर पोचली तेव्हा त्यानं हलगी खाली ठेवली, आणि मगच पाण्यानं आळी नेली. घरं गेली, माणूस एकही गेलं नाही. असंही म्हणतात, की छपरातली पहिली घोंगडी पाटलांनी स्वतः बनाबाईच्या खांद्यावर घातली. पुढं सरकारनंही हुकूम बदलला, की दवंडी खालून सुरू करावी.

आता पावसाळ्याआधी पुराच्या सरावाला तहसील कचेरीची भोंग्याची गाडी येते. ती आधी खालच्या आळीत थांबते. नवा साहेब असला तर घाई करतो, मग त्याला कोणीतरी सटवाची गोष्ट सांगतं. यंदा सगळ्यांत पुढं काठी टेकत बुरडांची गऊबाई होती. तिच्या मागं साहेबांची गाडी, पाटलांचे वंशज आणि सारं गाव, तिच्याच चालीनं.