फगनी आणि तळ्यातलं देवधान

एका तळ्याच्या काठी फगनी नावाची एक बाई राहायची. घ्या, पांघरूण ओढून घ्या, आणि मधूनमधून हुंकार द्या म्हणजे झालं.

फगनीला दोन लेकरं होती. त्या वर्षी अतिपावसानं शेतं कुजली. घरातली मडकी पालथी झाली. तिचा नवरा दुधराम डोंगा, म्हणजे लहान होडी, घेऊन तळ्यापलीकडच्या गावात धान्य आणायला गेला, तो काही परत येईना. लेकरं विचारायची, "बाबा कधी येणार?" फगनी म्हणायची, "येतील." आणि दाराशी जाऊन पाण्याकडं बघत राहायची.

नाही गं ठकू, बुडाला नाही. ऐक तर पुढं.

त्या तळ्यात एक गवत उगवायचं, बरं का. देवधान म्हणायचे त्याला. कुणी पेरायचं नाही, कुणी राखायचं नाही, तरी त्याला लोंब्या यायच्या. आत तांदळासारखा दाणा. पण पिकला की नुसत्या स्पर्शानं झडायचा आणि चिखलात जायचा.

मग फगनी विळा घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उतरली. लोंबी कापली, तर हातात नुसती कुसळं उरली. मग टोपली घेऊन गेली. लोंब्या टोपलीवर वाकवल्या, तेवढ्यात वारा सुटला. डोळ्यांदेखत दाणे पाण्यात पडले. मूठभर मिळाले, त्यांची पातळ पेज केली. लेकरांनी पातेलंसुद्धा चाटलं.

मग पुन्हा पाऊस लागला आणि तळं फुगलं. फगनी कमळाचे कंद शोधायला पाण्यात गेली, तर गवतात एक सारसाची मादी घरट्यावर बसलेली. नर भोवती ओरडत फिरत होता. पाणी घरट्याला लागलं होतं. खाली दोन मोठी अंडी दिसत होती.

फगनीला आपली लेकरं आठवली. तिनं अंडी घ्यायला हात पुढं केला. मादी उठली नाही.

"तुझी लेकरं कुठं आहेत, बाई?" मादीनं विचारलं.

"घरी. उपाशी."

"माझी इथं आहेत. आता वाहून जातील."

फगनीनं हात मागं घेतला. मग तिनं घरट्याखाली गवत कोंबलं. भोवतीच्या हिरव्या देवधानाचे झुबके धरून, पिळून, एकमेकांना घट्ट बांधले. घरट्याला कुडासारखा आधार झाला. पायांना जळवा लागल्या, हात कापले, पण ती बांधतच राहिली. घरी गेली ती चार कंद घेऊन. लेकरांपुढं ते ठेवताना तिला रडू आलं.

मग बरेच दिवस कंदांवर निघाले. धाकट्याला ताप भरला. दुधरामचा पत्ता नाही. आणि एके सकाळी असा वारा सुटला, की तळ्यातलं सगळं पिकलेलं देवधान झडून गेलं. आता काहीच उरलं नाही, असं म्हणत फगनी रिकामी टोपली घेऊन घरट्यापाशी गेली.

तिथं काय झालं होतं? बांधलेल्या झुबक्यांत कुसळं कुसळांत अडकली होती. आतला दाणा न् दाणा जागेवर होता. घरट्यात दोन पिल्लं चोची उघडून बसली होती.

"वाऱ्यानं सगळं नेलं," मादी म्हणाली. "तू बांधलंस तेवढं राहिलं. घेऊन जा. एक झुबका आमच्यासाठी ठेव."

फगनीनं एक झुबका ठेवून बाकीचे टोपलीत सोडले. टोपली काठोकाठ भरली. मग ती चाचरत म्हणाली, "एक विचारू? पाण्यात कुठं डोंगा दिसला का?"

मादीनं नराकडं पाहिलं. नर उडाला. फगनी पाण्यात तशीच उभी राहिली. उभी राहिली, उभी राहिली. मग लांबून सारसाचा आवाज आला. तो पुढं उडत होता, आणि मागं गवत बाजूला सारत एक डोंगा येत होता. दुधराम शेवाळात वाट चुकला होता, गवतातल्या एका बेटावर अडकून पडला होता. वाळला होता, पण जिवंत होता.

त्या दिवशी घरात घट्ट पेज शिजली. धाकट्याचा ताप उतरला. पुढं गावातल्या बायकाही देवधान पिकायच्या आत झुबके बांधू लागल्या, आणि सारसांचा वाटा ठेवू लागल्या. सगळी पोटभर जेवली आणि सुखानं राहिली.

आता डोळे मिटा. बाबा आला घरी. झोपा.