संपलेला दगड

आंबेखिंडीच्या वेशीला, कमानीच्या बरोबर मध्यावर, परातीएवढं आरपार भोक आहे. तोफेचा गोळा लागला असणार, असा पाहुण्यांचा तर्क असतो. गावातले हबीबचाचा तो शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, "तोफेला एवढं जमलं नसतं, साहेब. हे नावांनी पडलंय."

त्या जागी म्हणे एक जाड शिळा होती. खिंड ज्याची, त्याचं नाव शिळेवर. आधी निजामशाहीचं कोरलं. आदिलशाहीनं खिंड घेतली, ते तासून दुसरं कोरलं. मग पुन्हा निजामशाही, पुन्हा आदिलशाही. तख्तं हलत राहिली. ठाणेदार रहमतबेग मात्र दर वेळी नव्या धन्याला मुजरा करायला हजर.

शेवटी मुघलांची फौज निघाल्याची बातमी आली. बेगाच्या बुरुजावर येरझाऱ्या सुरू झाल्या. त्यानं सटवाजी पाथरवटाला बोलावलं. "उद्या दुपारपर्यंत नवं नाव दिसलं पाहिजे. नाहीतर तुझा उजवा हात वेशीला टांगीन."

"सरकार, शिळा बोटभर उरलीय."

"माझी मान तरी कुठं जास्त उरलीय?"

सकाळी सटवाजी परांचीवर चढला. समोर धुळीचा लोट, खाली बेगाची आरडाओरड. जुनं नाव तासताना त्याचा हात जपून चालत होता, तरी छिन्नी एकाएकी हलकी झाली आणि दगडाचा परातीएवढा टवका घेऊन पलीकडे निसटली. शिळेत उजेड पडला. सटवाजी आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला.

तेवढ्यात घोडी आलीच. पुढे एक म्हातारा सरदार होता. बेगानं पाथरवटाकडे बोट दाखवून सगळा गुन्हा एका दमात सांगितला.

सरदारानं विचारलं, "याआधी कुणाकुणाची नावं होती?"

"वाचता येत नाही, हुजूर," सटवाजी म्हणाला. "पण पहिलं माझ्या बापानं कोरलेलं. खोल होतं. खोडायला मला आठ दिवस लागले. पुढची उथळ होत गेली. दर वेळी घाई असायची. कालचं तर आज न्याहारीआधीच निघालं."

सरदारानं भोकातून दिसणाऱ्या आभाळाकडे पाहिलं.

"आमच्या बादशहाचं किती खोल जाईल?"

"दगड संपलाय, हुजूर."

बेगानं डोळे मिटले. सरदार मात्र घोड्यावरून उतरला आणि वेशीतून पायी आत गेला. असं सांगतात, की त्यानं सटवाजीचा हात त्याच्यापाशीच राहू दिला. बेगाचं ठाणंही बेगापाशीच राहिलं. त्याला कोण हलवणार?

आजही या वेशीवर कुणाच्या नावाचा फलक लागत नाही. नवा अधिकारी असो की निवडून आलेला सरपंच, त्याला गाडीतून उतरून भोकाखाली उभं राहावं लागतं. पाथरवटांच्या घरातलं कुणीतरी विचारतं, "किती खोल कोरू?" आणि सगळा गाव उत्तर देतो, "दगड संपलाय!"

मग हार घालतात.