डॉक्टरांच्या गाडीचा टर्बो

“…नंबर जुळतो, बोल्टची भोकं जुळतात, चाकाची पाती मोजली तर तीबी तेवढीच. आता आणखी काय बघायचं राहिलं, उस्ताद?”

निवासनं जुन्या बाजारातून आणलेला टर्बो, इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, पोत्यातून काढला आणि फळीवर ठेवला.

दस्तगीर उस्ताद मिरज रस्त्याला चाळीस वर्षं इंजिनं खोलत आलेले. निवास त्यांच्याच हाताखाली सहा वर्षं शिकला. आता तासगावात त्याचं स्वतःचं गॅरेज होतं. दारावर पाटी होती, ‘थेंबभर तेल गळालं तर गाडी परत आणा’. पाटी खोटी नव्हती. गळतीसाठी एकही गाडी परत येत नसे, आणि त्यामुळं निवासची मान जरा जास्तच ताठ झाली होती.

उस्तादांना विचारायची खरं तर गरज नाही, असं त्याचं मत. पण वापरलेला टर्बो एकदा घेतला की बाजारवाला परत घेत नाही, आणि गाडी डॉक्टरांची. म्हणून आला होता.

उस्तादांनी चाकाला बोट लावलं. वर-खाली हलवलं, मग आत-बाहेर ओढून पाहिलं. फिरवलं. कुठं घासलं नाही.

“कुठल्या गाडीचा?”

“ह्याच मॉडेलच्या. मागनं ठोकलेली, भंगारात आली. इंजिन तेच, साल तेच.”

“नळ्यांची तोंडं?”

“लावून बघितली. बसतात.”

“चांगला हाय,” उस्ताद म्हणाले.

निवास खूश झाला. तसं होणारच होतं, असा चेहरा करून तो पोत्याचं तोंड बांधू लागला.

“डॉक्टरांचा जळालेला कुठंय?”

“पोत्यातच हाय. मापाला आणलेला.”

“तो कशानं गेला?”

“ड्रायव्हरनं मारला. महिपतीनं. घाट चढून आला की लगेच चावी बंद. आत चाक फिरतंय आन् तेल थांबतंय, मग जळणारच. मी डॉक्टरांना तसं सांगितलं. त्यांनी काढून टाकलं त्याला.”

“महिपती काय म्हणाला?”

“दोन मिनिटं थांबूनच बंद करतो म्हणाला. सगळेच म्हणतात.”

“किती वर्षं होता डॉक्टरांकडं?”

“अकरा.”

“आन् अकरा वर्षं टर्बो टिकला…”

निवासनं जळालेला टर्बो पोत्यातून काढून फळीवर ठेवला.

“आता काय करतोय?”

“घरीच बसून हाय. डॉक्टरांनी काढलेला म्हटल्यावर कोण ठेवणार.”

उस्तादांनी जळालेला टर्बो पुढं ओढला. तेल आणणारी बारीक नळी अजून त्याला तशीच जोडलेली होती. त्यांनी दोन बोल्ट सोडवले आणि नळी निवासच्या हातात दिली.

“फुंक.”

“काय?”

“फुंक.”

निवासनं नळी तोंडाला लावली. गाल फुगले. दुसऱ्या टोकाला काहीच आलं नाही. त्यानं पुन्हा फुंकलं, या खेपेला डोळे मिटून.

…

उस्तादांनी तार घेतली, दुसऱ्या टोकातून घातली आणि हळूच ओढली. तारेबरोबर रबरासारखा एक लाल तुकडा बाहेर आला, तांदळाच्या दाण्याएवढा. सांध्याला लावतात ती पेस्ट. जास्त लावली की दाबल्यावर आत सरकते आणि तिथंच घट्ट होते.

“ह्याआधी गाडी कुणी खोलली होती?”

“मीच.” निवासचा आवाज खाली गेला. “ह्याच नळीच्या सांध्याचं पॅकिंग बदललं. मग आठच दिवसांनी…”

“पेस्ट भरपूर लावलीस.”

“गळू नये म्हणून.”

“गळलं न्हाई खरं. एक थेंब बाहेर आला न्हाई… आतबी गेला न्हाई.”

निवासला लाज वाटत होती, आणि ती लपवायला तो फळीवरचा टर्बो उगाचच पुसत होता.

“उस्ताद, मग हा दुसरा जुळतो ना?”

“जुळतो. पहिलाबी जुळत होता.”

निवासनं फडकं खाली ठेवलं. पाटी, गिऱ्हाइकं, तालुक्यातलं नाव, सगळं त्याच्या डोळ्यांपुढं आलं असावं. महिपती मनात जरा उशिरा आला, पण आला.

“डॉक्टरांना काय सांगू?” निवासनं विचारलं.

उस्तादांनी तो लाल तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला आणि त्याची बोटं एक एक करून मिटवली.

“काही सांगू नको. महिपतीला बरोबर घे. डॉक्टरांपुढं उभा राहा… आन् मूठ उघड.”